तुझ्यामागे खटले लागोत

२०१७च्या जून महिन्यात स्पेनमधल्या वायादोलिदच्या पोस्टात मी 'बुरोफाक्स' करायला रांगेत उभी होते. बुरोफाक्स ही खास स्पॅनिश चीज आहे. आपल्याकडे रजिस्टर एडी करायचो, पोचपावती यायची, पण पाकिटात काय होतं ते पावती सांगत नसे. समोरचा उद्या म्हणू शकत असे की आत कोरा कागद होता. बुरोफाक्समध्ये मजकुराची प्रत पोस्ट स्वतःकडे ठेवतं, आणि अमुक दिवशी अमुक माणसाला नेमका हाच मजकूर पोचला, असा दाखला देतं. स्पेनमध्ये घरमालक, बिल्डर किंवा विमा कंपनीशी बोलून बोलून तोंड दुखलं की माणूस म्हणतो, "आता बुरोफाक्सच पाठवतो." भांडण तोंडातून कागदावर आलं, याची ही पहिली खूण.

माझं प्रकरण ४२० युरोंचं होतं. आधीच्या घराची किल्ली मार्चअखेर परत केली होती आणि मालकानं अनामत दिली नव्हती. भिंतीला खिळ्यांची भोकं पडली म्हणे. खिळे माझ्या आधीच्या भाडेकरूचे होते, पण हे सांगायला तो आधीचा भाडेकरू कुठून आणू?

रांगेत माझ्यामागे आमच्या नव्या इमारतीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उभ्या होत्या. नातवाला पार्सल पाठवायला आल्या होत्या. माझ्या हातातला कागद त्यांनी उघड उघड वाचला, पार्सल काखेत मारलं आणि म्हणाल्या, "प्लेइतोस तेंगास इ लोस गानेस." तुझ्यामागे खटले लागोत, आणि ते तू जिंकोस.

मला वाटलं आशीर्वाद दिला. मी आभार मानले. आजी इतक्या हसल्या की खिडकीतल्या बाईनं मान वर केली. "अगं पोरी, हा शाप आहे! जिप्सींचा शाप."

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हा आपल्याकडचा सल्ला आहे. पण शापात 'जिंकोस' घालायचं, ही जिप्सींची खोडी. हरलेला माणूस निदान घरी तरी जातो. जिंकलेल्याला वरच्या कोर्टात खेचतात, तिथंही तो जिंकतो, मग वसुलीच्या मागे लागतो, आणि तोवर समोरच्याचे खिसे रिकामे झालेले असतात. माझे वडील म्हणायचे, दाव्याचा निकाल लागला की खरी दरखास्त सुरू होते. त्यांना हा शाप लगेच कळला असता.

त्या शापातला 'प्लेइतो' हा शब्द मी तोवर वीस वर्षं भाषांतरित करत होते, पण त्याच्याकडे नीट पाहिलं ते त्या दिवसानंतर. कायद्याच्या पुस्तकात त्याचे भाऊबंद पुष्कळ आहेत. दिवाणी दावा म्हणजे 'देमांदा'. फौजदारीत स्वतः पक्षकार होऊन वकिलामार्फत आरोप ठेवायचा तर 'केरेया', आणि नुसती पोलिसात वर्दी द्यायची तर 'देनुन्सिया'. सरकारी खात्याच्या निर्णयाविरुद्ध जायचं ते 'कोंतेन्सिओसो'. 'लितीहिओ' हा जरा सुटाबुटातला शब्द, करारनाम्यात वादाच्या कलमात बसणारा. पण चौकात, बाजारात, सासू-सुनांच्या बोलण्यात असतो तो प्लेइतो. दिवाणी दावा असो, वाटणीचा वाद असो की वर्षानुवर्षं चाललेला तंटा असो, शब्द एकच. वकिलाला तुच्छतेनं 'पिकाप्लेइतोस' म्हणतात, म्हणजे खटले टोचून टोचून जागे ठेवणारा. गंमत अशी की हाच गावरान शब्द नोटरीच्या टेबलावरही आहे. स्पेनमध्ये वकीलपत्राच्या मथळ्यावर आजही 'पोदेर पारा प्लेइतोस' असं छापलेलं असतं. अशी वकीलपत्रं मी शेकड्यांनी भाषांतरित केली असतील.

एकदा या शब्दानं माझी फजितीही केली आहे. चाकणच्या एका कंपनीचा मेक्सिकोत कारखाना होता. तिथून आलेल्या अहवालात दोन कामगारांचा कँटीनमध्ये 'प्लेइतो' झाल्याचं लिहिलं होतं. मी स्पेनमध्ये शिकलेली बाई. दोघांनी एकमेकांवर दावा दाखल केला असं भाषांतर करून मोकळी झाले. इथल्या साहेबांनी कायदा विभागाची बैठक बोलावली. प्रत्यक्षात दोघांत जेवणाच्या ताटावरून हाणामारी झाली होती, एवढंच. मेक्सिकोत आणि आजूबाजूच्या बऱ्याच देशांत प्लेइतो म्हणजे सरळ भांडण, वेळप्रसंगी गुद्दागुद्दी. पोर्तुगीजमध्येही हा शब्द आहे, आणि ब्राझीलच्या वर्तमानपत्रात 'प्लेइतो' दिसला तर बहुतेक वेळा बातमी निवडणुकीची असते. त्या बैठकीनंतर मी कुठलाही प्लेइतो देश विचारल्याशिवाय हातात घेत नाही.

शब्दाच्या मुळाशी गेले तेव्हा मात्र थबकले. लॅटिनमध्ये 'प्लाकितुम' म्हणजे जे पसंत पडलं ते, जे ठरलं ते. 'आवडणे' या क्रियापदाचं ते रूप. फ्रँक राजांच्या काळात राजा आणि सरदार जमून निवाडे करत, त्या सभेलाच प्लाकितुम म्हणू लागले. सभेत जे ठरलं ते प्लाकितुम, मग सभा प्लाकितुम, मग सभेपुढे येणारं भांडणही प्लाकितुम. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द स्पेनमध्ये उतरला तो प्लेइतो होऊन. इंग्रजी कोर्टातला 'प्ली' हा त्याचाच चुलतभाऊ. तेराव्या शतकात राजा दहावा आल्फोन्सो यानं 'सिएते पार्तीदास' नावाची मोठी कायदेसंहिता तयार करवली. तिच्यात प्लेइतो हा शब्द करारासाठीही येतो आणि खटल्यासाठीही. एकाच पुस्तकात, एकाच शब्दानं, हातमिळवणीही आणि हमरीतुमरीही. सरदारानं राजाला किल्ला राखण्याची शपथ द्यायची, तिचं नाव 'प्लेइतो ओमेनाहे'. तिथं प्लेइतोचा अर्थ वचन.

पुढे करार हा अर्थ झडून गेला आणि भांडण तेवढं उरलं. याचं कारण कुठल्या भाषाशास्त्रज्ञानं काय दिलं आहे ते सोडा. माझं मत असं की वायादोलिदमध्ये महिनाभर राहिलं की ते आपोआप कळतं.

वायादोलिद हे कास्तियाच्या पठारावरचं, धुक्याचं, कोरड्या थंडीचं गाव. तिथं चान्सियेरिया नावाचं राजाचं वरिष्ठ न्यायालय होतं. चौदाव्या शतकात त्याची घडी बसली आणि १८३४ साली ते बंद झालं. दक्षिणेकडच्या मुलखासाठी दुसरं न्यायालय आधी सिउदाद रेआलला निघालं, ते १५०५ मध्ये ग्रानादाला हललं. ताहो नदीच्या उत्तरेकडचे खटले मात्र वायादोलिदला यायचे. ज्या विवेरो वाड्यात हे न्यायालय बसायचं, त्याच वाड्यात १४६९ साली इसाबेल आणि फेर्नांदो यांचं लग्न लागलं होतं. पुढं कोलंबसला पाठवणारे ते हेच राजाराणी. न्यायालयाच्या तुरुंगाच्या इमारतीत आता विद्यापीठाचं ग्रंथालय आहे. मी तिथंच बसून अभ्यास करायचे. वर्षभर तुरुंगात होते, असं मी पुण्यात सगळ्यांना सांगते.

न्यायालयाचं दप्तर त्याच गल्लीत आहे. कुणालाही अर्ज करून पाहता येतं, तसं मीही पाहिलं. सोळाव्या शतकातला एक गठ्ठा समोर आला. शिवलेले कागद, कडांना वाळवी लागलेली, आणि अक्षर असं की ओळीच्या या टोकाला लेखणी टेकवली ती त्या टोकालाच उचलली. आपल्या मोडीसारखं, पण मोडीत निदान वरची रेघ तरी आधाराला असते. या कोर्टी अक्षराचा दोन किहोतेलाही, म्हणजे कादंबरीतल्या डॉन क्विक्झोटलाही, धसका होता. आपलं प्रेमपत्र कुणाकडूनही उतरवून घे, पण कोर्टाच्या कारकुनाकडून नको, असं तो आपल्या सेवकाला, सांचोला, बजावतो. त्या काळी कारकुनाला पानामागे पैसे मिळत. म्हणून अक्षरं फुगत, ओळी विरळ होत. शेवटी पानावर किती ओळी हव्यात, याचा सरकारी नियम करावा लागला. १६३७ पासून चौथ्या फेलिपे राजानं आणखी एक भर घातली, ती म्हणजे सरकारी छापाचा विकत घ्यायचा कागद. आपल्या स्टॅम्प पेपरच्या कुळातला. तिजोरी रिकामी होती आणि प्रजा भांडकुदळ होती, एवढा हिशेब राजाला पुरला.

प्रजा भांडकुदळ का होती? एक कारण फार मजेचं आहे. 'इदाल्गो' म्हणजे खालच्या पायरीवरचा का होईना पण खानदानी माणूस. त्याला साध्या करदात्याचा कर माफ. मग एखादा कुणबी नाहीतर सावकार गावात म्हणू लागायचा की मी इदाल्गो आहे. गावची पंचायत त्याचं नाव कराच्या यादीत घालायची. तो कर देत नसे. पंचायतीची माणसं त्याच्या घरातून तांब्याचं भांडं किंवा चादर उचलून न्यायची, जप्ती म्हणून. आता याची केस तयार झाली. वायादोलिदला जायचं, साक्षीदार उभे करायचे: म्हातारे, दात पडलेले, 'याच्या आज्यानं कधी कर भरला नाही, हे मी माझ्या बापाकडून ऐकलं आहे' असं सांगणारे. पंचायत उलटे म्हातारे आणायची. वर्षं जात. जिंकणाऱ्याला हुकूमनामा मिळे तो चर्मपत्राचा, रंगीत चित्रांचा, रेशमी गोंड्याला शिशाची मोहर लोंबणारा. असे हुकूमनामे काचेच्या पेटीत मांडलेले मी पाहिले. करात जितके वाचले असतील त्याहून जास्त त्या चित्रकारालाच गेले असावेत, हा माझा संशय. पण भांडण काही पैशांचं नव्हतं. ते उचलून नेलेल्या तांब्याच्या भांड्याचं होतं.

त्या दप्तरखान्याच्या यादीत खटल्यांच्या नावापुढे खुणा असतात. 'फेनेसिदोस' म्हणजे निकाल लागून संपलेले. आणि दुसरा वर्ग 'ओल्विदादोस'. विसरलेले. पक्षकारांनी मध्येच नाद सोडला, कुणी मेलं, कुणाचे पैसे संपले, आणि कागद तसेच पडून राहिले. ती खूण पाहिली आणि मला आमच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी आठवली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या शेताच्या बांधावरून वडिलांचा चुलतभावाशी दावा होता. लाल फडक्यातला बस्ता, वर सुतळी. कैफियत, मनाई अर्ज, मोजणीचा नकाशा, तारखांच्या मागच्या बाजूला वडिलांनी लिहिलेला एसटीचा खर्च. बांध दीड फुटाचा. तेवीस वर्षांनी एका तारखेला दोघंही गेले नाहीत आणि दावा काढून टाकला गेला. आमच्या घरात त्याचा उल्लेख 'आपण हरलो' असाही होत नाही आणि 'जिंकलो' असाही नाही. त्याला शब्द नव्हता. तो मला वायादोलिदमध्ये सापडला.

आता सगळ्यात नामांकित प्लेइतोकडे येऊ. कोलंबस वारला तो याच वायादोलिदमध्ये, २० मे १५०६ रोजी. मरताना तो भिकारी होता ही दंतकथा आहे. चडफडत होता हे मात्र खरं. १७ एप्रिल १४९२ रोजी ग्रानादाजवळ सांता फे इथं त्याच्याशी लेखी करार झाला होता. समुद्राचा अॅडमिरल हा वंशपरंपरागत किताब, शोधून काढील त्या प्रदेशाचा व्हाइसरॉय आणि गव्हर्नर, आणि तिथून येणाऱ्या संपत्तीचा दहावा हिस्सा. सही करणाऱ्यांना वाटलं असेल, चार बेटं सापडतील, देऊन टाकू. सापडला तो अख्खा खंड. मग एखाद्या खलाश्याच्या पोराबाळांनी पिढ्यान्‌पिढ्या निम्म्या जगाचं व्हाइसरॉय व्हायचं की काय? १५०० साली कोलंबसला बेड्या घालून परत आणलं गेलं. सुटका झाली, पण गव्हर्नरपद काही परत मिळालं नाही.

त्याचा मुलगा दिएगो यानं १५०८ मध्ये दावा लावला. प्रतिवादी साक्षात राजसत्ता, आणि न्यायाधीशही राजानंच नेमलेले. तरी दावा चालला, याचं मला कौतुक वाटतं. हे खटले 'प्लेइतोस कोलोंबिनोस' म्हणून ओळखले जातात. १५११ मध्ये सेव्हिलला पहिला निकाल लागला. बापानं स्वतः शोधलेल्या बेटांपुरतं व्हाइसरॉयपद मुलाला मिळालं. 'स्वतः शोधलेल्या' या दोन शब्दांनी पुढची पंचवीस वर्षं खाल्ली. मुख्य भूमी कोणी शोधली? दारिएनचा किनारा कोणाचा? सरकारी वकिलानं नामी युक्ती काढली. शोधच कोलंबसचा नाही, असं म्हणायचं. पहिल्या सफरीतल्या 'पिंता' जहाजाचा कप्तान मार्तिन आलोन्सो पिन्सोन परतल्यावर लगेच, १४९३ मध्येच वारला होता. मेलेला माणूस वादीविरुद्ध उभा करणं सोपं असतं. त्याच्या मुलानं साक्ष दिली की बापानं रोममध्ये पोपच्या ग्रंथालयात त्या मुलखाचा कागद आधीच पाहिला होता. पालोस बंदरातल्या म्हाताऱ्या खलाश्यांना छापील वाटावी अशी ठरीव प्रश्नावली वाचून दाखवली गेली: कोलंबस परत फिरू म्हणत होता हे खरं ना? पुढं चला असं पिन्सोननं सांगितलं हे खरं ना? कुणी हो म्हणालं. कुणी म्हणालं, मी स्वतः नव्हतो, पण बंदरावर सगळे असंच म्हणत होते.

त्या साक्षी सरकारी पैशांनी, सरकारी हेतूनं गोळा झालेल्या. पण पहिल्या सफरीतल्या साध्या खलाश्यांना नंतर काय आठवत होतं, हे आज आपल्याला कळतं ते बव्हंशी या खटल्यामुळे. इतिहासकारांना हे दप्तर म्हणजे खजिना. खोटं बोलणारा साक्षीदारही जहाजाचा तपशील खरा सांगतो.

दिएगो १५२६ मध्ये गेला. त्याची विधवा मारिया दे तोलेदो आल्बाच्या ड्यूकच्या घराण्यातली होती, खमकी होती. पोरगा लुईस लहान होता, त्याच्या नावानं तिनं दावा पुढं रेटला. शेवटी १५३६ मध्ये लवाद बसला. लुईसला अॅडमिरलचा किताब वंशपरंपरेनं, जमैका बेट जहागीर म्हणून, पनामाकडच्या वेराग्वात पंचवीस लीग चौरस जमीन ड्यूक या पदवीसह, आणि वर्षाला दहा हजार दुकात. त्या बदल्यात व्हाइसरॉयपद आणि दहाव्या हिश्शावर पाणी सोडायचं. म्हणजे अठ्ठावीस वर्षं भांडून पुन्हा ठरवाठरवीवरच आले, जुन्या अर्थाच्या प्लेइतोवर. आजोबांनी जग मोठं केलं, नातवानं संसार. एकीला सोडल्याशिवाय दुसरीशी लग्न, मग तिसरीशी, अशा बहुपत्नीत्वाच्या गुन्ह्यात लुईसला शिक्षा झाली आणि आफ्रिकेतल्या ओरानला हद्दपारीत तो १५७२ मध्ये वारला. मग वारस कोण, यावर घरातल्या घरात नवीन प्लेइतो. जमैका १६५५ मध्ये इंग्रजांनी घेतलं. वेराग्वाची जमीन घराण्यानं त्याआधीच राजाला परत दिली होती. ड्यूक ऑफ वेराग्वा हा किताब मात्र आजही आहे, आणि कोलंबसच्या वंशातच आहे.

हे सगळं वाचत असताना माझे ४२० युरो मला फार क्षुल्लक वाटत होते. पण क्षुल्लक गोष्टींसाठीही तिकडे रीतसर वाट आहे. घरभाड्याच्या कायद्यानुसार अनामत एक महिन्याच्या भाड्याइतकी. किल्ली दिल्यापासून महिनाभरात परत मिळाली नाही तर पुढे व्याज सुरू. एरवी स्पेनमध्ये दाव्याला दोन माणसं लागतात: युक्तिवाद करणारा 'आबोगादो', आणि कागद दाखल करणं, नोटिसा घेणं, तारखा सांभाळणं हे करणारा 'प्रोकुरादोर', म्हणजे आपला जुना मुखत्यार म्हणा. पण मागणी २,००० युरोंच्या आत असेल तर दोघांशिवाय जाता येतं, छापील अर्ज भरून. वकील लावलाच तर सहसा त्याचा खर्च जिंकूनही मिळत नाही. आजींचा शाप बघा कुठं कुठं पोचतो.

अर्ज मी आणला होता, भरलाही होता. अडचण तारखेची होती. माझं पुण्याचं विमान जुलैच्या मध्याला होतं, आणि सुनावणी कधी लागेल ते कारकूनही सांगेना. त्यानं खांदे उडवले. खांदे उडवण्यात कास्तियन माणसाचा हात कुणी धरणार नाही.

आता तर तिथं नियमच बदलला आहे. ३ एप्रिल २०२५ पासून बहुतेक दिवाणी दाव्यांत कोर्टात जाण्याआधी तडजोडीचा प्रामाणिक प्रयत्न केल्याचा पुरावा जोडावा लागतो. मध्यस्थी, सलोखा, वकिलांमार्फत बोलणी, गुपित ठेवायचा लेखी प्रस्ताव, यांपैकी काहीतरी. नाहीतर दावा दाखलच होत नाही. वकील मंडळी कुरकुरतात की हा आणखी एक कागद वाढला. त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. सक्तीचा प्रामाणिकपणा म्हणजे काय, हे मलाही नीट कळलेलं नाही.

बुरोफाक्सचं उत्तर येईपर्यंत हातात काही नव्हतं, म्हणून मी व्हॅलेन्सियाला गेले. तिथं दर गुरुवारी दुपारी बाराला, मोठ्या चर्चच्या 'प्रेषितांच्या दारा'त पाण्याचं न्यायालय बसतं. तुरिया नदीच्या आठ पाटांवर शेती भिजते. पाटाला स्पॅनिशमध्ये म्हणतात 'आसेकिया', शब्द अरबी. प्रत्येक पाटाच्या शेतकऱ्यांनी निवडलेला एक प्रतिनिधी, असे आठ जण, काळ्या ढगळ सदऱ्यात, लाकडी खुर्च्यांवर गोल बसतात. वकील नाही, कागद नाही, अपील नाही. कुणी पाळी सोडून पाणी घेतलं, कुणी वरचं दार उघडं टाकून शेजाऱ्याचं शेत बुडवलं, असे तंटे. आरोपी नदीच्या डाव्या तीरावरचा असेल तर निवाडा उजव्या तीरावरचे देतात. बोलण्याची पाळी अध्यक्ष देतो, आणि मध्ये तोंड घालणाऱ्याला गप्प बसवतो. ब्लास्को इबान्येसच्या 'ला बार्राका' या १८९८च्या कादंबरीत बातिस्ते नावाच्या शेतकऱ्याला याच दारात खोट्या तक्रारीवरून दंड होतो. तो चिडून मध्येच बोलतो आणि दंड वाढवून घेतो. हे काही देखाव्याचं न्यायालय नाही. स्पेनच्या न्यायव्यवस्थेच्या कायद्यात त्याला मान्यता आहे, आणि २००९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही ते आलं.

पुकारा करणाऱ्याला तिथं 'आल्ग्वासिल' म्हणतात. म्हणजे अल्‌ वझीर. आपला वजीरच, पण पट्टेवाला होऊन दारात उभा राहिलेला. वकील, दावा, तारीख, फैसला हे आपलेही शब्द त्याच अरबी बाजारातून आलेले, तेव्हा तो मला पाहुण्यांत ओळखीचा माणूस भेटावा तसा वाटला. बाराचे टोल पडले. त्यानं पितळी टोकाची काठी धरून एकेका पाटाचं नाव घेतलं आणि त्या पाटावरच्या ज्यांच्यावर तक्रार असेल त्यांनी यावं, असं पुकारलं. क्वार्त. कुणी नाही. मिस्लाता. कुणी नाही. फावारा. आठ नावं संपली, कुणीही पुढं आलं नाही. काळे सदरे उठून आत गेले. माझ्या शेजारच्या जर्मन बाईंनी कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत न्यायालय संपलं होतं. बहुतेक गुरुवारी असंच होतं, असं मागच्या फुलवालीनं सांगितलं. आधी पाटकऱ्यापाशीच मिटवतात, म्हणाली. भर चौकात सगळ्यांसमोर पुकारा व्हावा अशी हौस कुणाला असते?

परत आले तर घरमालकाचा फोन. बुरोफाक्स पोचला होता, आणि त्याच्या आवाजात एकदम 'तुम्ही-आम्ही' आलं होतं. चौकातल्या बारमध्ये भेटलो. तो २५०वरून सुरू झाला, मी ३५०वर. खिळ्यांच्या भोकांची मोजणी झाली. भोकं सात होती, त्याच्या म्हणण्यानं अकरा. ३००वर थांबलो. त्यानं नोटा मोजल्या. मी वहीचं पान फाडून मालकाला दिलं, त्यानं त्यावर लिहिलं की मला पैसे मिळाले, यापुढे माझी काही मागणी नाही. मी सही केली. ते 'मागणी नाही' लिहिताना त्यानं माझ्याकडे नजर उचलून पाहिलं, आणि मीही पाहिलं.

जिन्यात आजी भेटल्या. किती दिले? ३००. त्यांनी मान हलवली. वाईट तडजोड चांगल्या खटल्यापेक्षा बरी, ही तिकडची म्हणच आहे, ती त्यांनी ऐकवली. मग विचारलं, "आणि कॉफीचे पैसे?"

कॉफीचे पैसे मी दिले होते.